गाळलेल्या जागा

विट्याच्या शाळेत नाव घालताना
हेडमास्तरांनी विचारलं, मातृभाषा?
आईनं पदर सारखा केला, म्हणाली, मराठी.
मी तोवर मनातल्या मनात
शाळेच्या पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या,
ओण्णु, रेण्डु, मूणु…
अकरा निघाल्या.

ईरोडला आमचं दुकान म्हणजे एक खोली,
भट्टी, मुशी, तेजाबाची बरणी,
आणि दारावर नानांना वाचता न येणारं
नानांचंच नाव.
सोनारांच्या पायांखालची धूळ झाडून आणायची,
धुवायची, आटवायची,
रात्री बल्बपुढं चिमट्यात धरायचा
मोहरीएवढा कण. याला गलाई म्हणतात.
खानापूर तालुक्यातलं निम्मं गाव
यावर जगलंय, कुठंकुठं जाऊन.

आईला तमिळ आलं ते खिडकीतून.
मीठ. रॉकेल. उद्या देते. बाळाला ताप आहे.
व्याकरण नव्हतं, भांडायला मात्र पुरायचं.
‘तण्णी आलं का गं?’ असं ती विचारायची
आणि शेजारची वळ्ळियम्मा
बरोबर हंडा घेऊन बाहेर यायची.
वळ्ळियम्मा मला तंगम म्हणायची.
तंगम म्हणजे सोनं,
आपल्यात सोन्या म्हणतात, तसंच.
नानांचं सोनं वेगळं. ते काट्यावर चढायचं.

मी नऊ वर्षांची असताना साहेब आला.
कुणाची तरी साखळी गेली होती.
नानांनी माझ्याकडं बघितलं. मी मधे उभी राहिले.
साहेब चार शब्द बोलला,
शेवटचा कुत्र्याचा होता.
मी म्हणाले, नाना, ते बिल मागत्यात.
नाना म्हणाले, सांग त्याला,
आम्ही घामाचं खातो, तुझ्यासारखं न्हाई.
मी म्हणाले, सार, अप्पा उद्या बिल दाखवतील.
दोघांनीही मान हलवली.
एवढ्याशा जिभेवर
मी दोन माणसं वाचवली, असं मला वाटलं.
रात्री मात्र जेवले नाही.

आता आई विट्याच्या बाजारात
भाळवणीच्या शकूमावशीला गाठते.
मावशी त्रिशूरची, मल्याळमवाली.
हिचं थोडं, तिचं थोडं, उरलेलं हातवाऱ्यांनी,
मेथीची जुडी निवडता निवडता
दोघी अख्ख्या भावकीची सालं काढतात.
भाजीवाला बिचारा हसून बघतो,
त्यालाच काहीतरी म्हणाल्या असतील तर?

मी त्याच शाळेत शिकवते.
नोव्हेंबरात विजयवाड्याहून एक मुलगा आला,
ओंकार. घटक चाचणीत
‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न
त्यानं जसाच्या तसा उतरवून काढला,
रिकाम्या रेघांसकट, सुंदर अक्षरात.
मातृभाषेच्या रकान्याशी मी थांबले
तर त्याच्या आईनं पदर सारखा केला.

हे घरी सांगितलं तेव्हा नाना हसले नाहीत.
अंगणात बसले होते, फुटकी मूस घेऊन,
त्यात आता ओव्याचं रोप आहे.
म्हणाले, त्या साहेबानं कुत्रा म्हटलं हुतं.
तू गाळलंस.
मी म्हणाले, तुम्हाला कळलं होतं?
‘तवा धा वर्सं झालती मला तिथं.
हीण कुठलं, ते आवाजावरनं कळतंय.’
आणि मी तुमचं गाळलं, ते?
‘त्ये बी.’
मग मला कशाला उभं केलं मधे?

नानांनी मुशीतली माती बोटानं दाबली.
इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून
आकडे सोडून तमिळ मी ऐकलं नव्हतं.
ते म्हणाले, स्वच्छ, माझ्याहून स्वच्छ,
तण्णी कुडु, तंगम.

मी तांब्या आणला.
दोन घोट त्यांनी घेतले,
उरलेलं ओव्याला घातलं.