तपासणीची वेळ

मालवणात तहसील कचेरीच्या मागे, जिन्याखाली
माझं दुकान.
झेरॉक्स दोन रुपये, लॅमिनेशन वीस,
प्रकल्प अहवाल पानामागे तीस,
आकडे तुमचे, शुद्धलेखन माझं.

किती शेळ्या टाइप केल्या असतील आजवर,
आळंबीच्या खोल्या, जायफळाची कलमं,
पोफळीवर चढवलेली मिरी,
आणि बाविशी-पंचविशीतल्या पोरांच्या सहीखालची तारीख,
जी बँकेत पोचेपर्यंत शिळी होते.

हर्षाली कुबल आली ती कुर्ल्या घेऊन.
म्हणजे कागदावर.
खाजणातल्या पोकळ कुर्ल्या विकत घ्यायच्या,
खाडीत जाळीच्या पिंजऱ्यांत सोडायच्या,
पंचवीस दिवस बारकी मासळी खिलवायची,
मांस भरलं की गोव्याच्या हॉटेलांना.
स्वतःच्या पैशांनी वीस पिंजरे आधीच टाकलेले.
दोनशे करायचे होते.

'मालमत्तेचे स्वरूप' असा एक रकाना असतो.
मी लिहून गेलो : जिवंत.
खोडायला लागलो तर म्हणाली,
'ऱ्हवांदे.'

पहिली तपासणी तृतीयेला झाली.
बिराजदार साहेब लातूरकडचे, भला माणूस,
दुपारी सव्वादोनला कांदळाच्या कडेला उभे राहिले
बुटांसकट.
समोर पाणी, काठोकाठ,
वर एक बगळा.
'प्रकल्प कुठंय?'
'पाण्याखाली.
सायबानू, वायच थांबा,
सुकती लागली काय सगळा दिसतला.'
'कधीपर्यंत?'
'साडेसात, आठ.'
साहेबांची चारची एसटी होती.
शेरा : प्रत्यक्ष पाहणीत प्रकल्प आढळला नाही.

मग आम्ही अर्ज केला.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते,
हे मला ठाऊक नव्हतं. मी घाटाच्या पायथ्याचा.
तिने बोटांवर करून दाखवलं, मी टाइप केलं :
'तरी विनंती, की तपासणी अमावास्येस
सायंकाळी सहा वाजता करण्यात यावी.'
अमावास्येला? बँकेत कुणीतरी हसलं म्हणे.
कॉम्प्युटरात तिथी टाकायला जागा नाही.

तरी आले बिराजदार.
कचेरी सुटल्यावर, स्वतःच्या स्कूटीवरून,
विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले.
वीसच्या वीस मोजले.
एक कुर्ली हातात घेतली, सुतळीने आवळलेली,
उलटी करून अंगठा दाबून पाहिला
तिने दाखवला तसा.
दबली नाही.
'घट्टय की,' म्हणाले.
हात धुवायला पाणी शोधत राहिले बराच वेळ.

आठ दिवसांनी शेरा आला :
वीस पिंजरे आढळले. तथापि
तपासणीवेळी जागेवर पाणी आढळले नाही.

खोटं लिहिणारा माणूस नाही तो.
रकानाच तसा होता : पाण्याचा स्रोत, आहे किंवा नाही.

आज ती पुन्हा आलीय.
रागावलेली नाही, भुकेलेली.
माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली,
दोन्ही शेरे झेरॉक्सला दिले.
पहिल्यात पाणी आहे, पिंजरे नाहीत.
दुसऱ्यात पिंजरे आहेत, पाणी नाही.
'नवीन काय लिहूचा?' मी विचारलं.
'काय नको. हे दोनूय जोड,
खाली घाल, दोनूय खरे.'

घातलं. स्टेपलर मारला, पिन वाकडी गेली.
तिने अंगठ्याने दाबून बसवली,
त्याच अंगठ्यावर नांगीचा जुना व्रण.
मंजुरी येते की तिसरा शेरा,
ते मला विचारू नका, मी फक्त टाइप करतो.

चार रुपये टेबलावर ठेवले
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता म्हणाली,
'आज पंचमी.
पावणेचारक भरती. खाणा घालूचा हा.
निघूक होया.'