मेन नाहीच यात

राजारामपुरीतलं नेट कॅफे बंद पडलं तेव्हा
राहिलेल्या मजुरीच्या बदल्यात मालकानं हा कॉम्प्युटर दिला.
गेम त्यात आधीपासूनच होता,
घर होतं, घरात माणसं होती, कुणाची कुणास ठाऊक.
तहसीननं त्यांना आडनावासकट ठेवून घेतलं.

ती घर सजवते, मी मागं चहा घेऊन उभा.
टेबललॅम्प, झुंबर, भिंतीवरचा कंदील,
किंमत खाली लिहिलेली, घासाघीस नाही.
अख्ख्या लक्ष्मीपुरीत असला माल मी बघितला नाही:
वायर नाही, होल्डर नाही, अर्थिंग तर नाहीच.
उचलायचा, ठेवायचा, पेटला.
भिंत फोडायला नको,
प्लास्टरवाल्याची बोलणी खायला नकोत.
"बिल येतंय का?" मी विचारलं.
"येतंय की, दारातल्या पेटीत.
नाही भरलं तर माणूस येऊन सामान उचलतोय."
म्हणजे तेवढं आपल्यासारखंच.

मग एका रात्री त्यांच्या स्वयंपाकघरातला बल्ब गेला.
लाल शर्टवाला गडी उठला.
टेस्टर नाही, पायात चप्पल नाही,
सरळ हात घातला.
मी ओरडलो, "आधी मेन बंद कर!"
एवढ्यांदा, की शेजारच्या साळोखे वहिनी दारात आल्या.
तहसीन म्हणाली, "अब्बा, मेन नाहीच यात."

गडी थरथरला, काळा पडला.
बायको धावत आली, दोन्ही हात हलवत रडली.
ती माणसं कुठली भाषा बोलतात कळत नाही,
रडतात ती कळते.

मी कप खाली ठेवला.
उद्यमनगरात, फाउंड्रीत, सोमवारी
सगळीच लाईन बंद असते,
म्हणून महिपतीनं तपासलं नव्हतं.
जनरेटर कुणीतरी चालू केला होता.
घरी मी एवढंच सांगितलं होतं, महिपती गेला.
कसा गेला, ते तहसीननं त्या रात्री विचारलं.
मी म्हटलं, झोप आता.

दुसऱ्या दिवशी बघतो तर तिनं सगळे दिवे विकलेले.
एकेक करून, पडत्या भावात,
झुंबरसुद्धा.
ती माणसं अंधारात
जेवत होती, भांडी घासत होती,
एक पोरगं बसून गृहपाठ करत होतं
खिडकीतून निळसर काहीतरी येत होतं तेवढ्यावर.
"अगं, एक तरी ठेव."
"नको. सवय होईल त्यांना."

आता मी कामावर असलो की फोन वाजतो.
एक पाय शिडीवर, दातात स्क्रू,
खांदा वाकडा करून कानाशी धरलेला.
"मेन बंद केलाय?"
"केलाय," मी म्हणतो,
फोन खिशात टाकतो,
आणि शिडी उतरून
बंद करायला जातो.