पाच रकाने

मेंढे तपासायचा दिवस. सप्टेंबरातली थंडी,
खाडीवरचा वारा कागद पळवतो,
म्हणून पाटीवर दगड ठेवून मी लिहिते:
डोकं, खांदे, पाठ, मांड्या, लोकर.
पाच रकाने, दर रकान्याला दहापैकी गुण.
आउस्मुंदुर बोलतो, मी लिहिते,
अशी आमची एकोणीस वर्षं.

राखाडी मेंढा आत आला तोच मान वर करून.
शिंगांचे दोन्ही वळसे पुरे, चालीत मालकी.
आउस्मुंदुरचे हात अजून खिशात होते.
तो म्हणाला, "हं."
मग वाकला, दाबलं, चाचपलं.
नऊ. नऊ. साडेनऊ. नऊ. नऊ.

मागून तपकिरी, एक शिंग मोडकं,
उंबऱ्यातच अडखळला.
सहा. साडेसहा. सहा. सहा.
लोकरीलाही सहा,
जिच्यात मी नंतर सहज हात घातला
तर बोटं मनगटापर्यंत गडप.

अकुरेरीहून आलेली स्टाइनवोर
भिंतीला टेकून बघत होती.
तिच्या वहीत वर एक गोल,
गोलातून पाच बाण, खाली पाच चौकोन.
"हे पाच आकडे नाहीत," ती म्हणाली,
"एकच आहे, पाचदा लिहिलेला.
बोट पाठीला लागायच्या आधी गोल भरतो.
पुढे नुसता उतार."

मग तिने यंत्र काढलं,
पाठीवर गार मलम थापलं.
पडद्यावर स्नायूची जाडी:
राखाडी, सत्तावीस मिलिमीटर.
तपकिरी, चौतीस.

गोठा गप्प. कोणीतरी तपकीर ओढली.
आउस्मुंदुरनं यंत्राकडे पाहिलंच नाही,
पाहिलं आपल्या तळव्यांकडे.
"चाळीस वर्षं हे काय चाचपत होते मग?"
"चाचपत बरोबर होते," ती म्हणाली,
"ऐकत मात्र तुमचं 'हं' होते."

त्यानं गळ्यातला मफलर सोडला,
डोळ्यांवर घट्ट बांधला.
"आणा त्याला परत. कोण ते सांगू नका."
हात पाठीवर बराच वेळ राहिला.
"आठ," तो म्हणाला, आणि एकदम हसला,
"नऊ आहे रे. पण खूर ऐकले मी,
अडखळला ना दारात?
नऊ म्हणायला जीभ वळत नाही."

मी सहा खोडून आठ लिहिलं,
आठ खोडून नऊ.
ओल्या कागदाला भोक पडलं.

सकाळी स्टाइनवोर गाडीतून उतरली
तेव्हा तिचे बूट नवे होते,
चिखलाचा ठिपका नाही.
तेवढ्या शितावर मी अख्खं पातेलं जोखलं होतं:
आखडू. कामाला जड. मुलंबाळं नसावीत.
कॉफीत साखर नक्की घेत नसेल.
कान तुटका कप शोधून दिला होता तिला.

आता ती त्याच कपाला
दोन्ही हातांनी धरून बसली आहे,
बुटांवर शेण,
आणि डबा पुढे ओढून
तिसरा चमचा घालते आहे.