शेळ्या डावीकडे

झोन ऑफिसात माझ्या टेबलावर दोन गठ्ठे असतात.
उजवीकडे पात्र, डावीकडे अपात्र.
मधे चहाचा डाग, आणि मी.
एकवीस वर्षं झाली; हात आपोआप जातो.

रविवारी हाच हात शास्त्रपाठाचं पान उलटतो,
मेकोसाबागेत, दुसऱ्या उपासनेला,
चष्मा पुसून, आवाज जरा खाली आणून.
सोमवार आणि रविवार यांच्यामध्ये
मी डब्यातल्यासारखी पत्र्याची पट्टी ठेवली होती,
वरणाचा ओघळ भाजीत जाऊ नये म्हणून.
पाळकसाहेबही म्हणायचे, सरकारचं सरकारला द्या.
उरलेलं अर्धं वाक्य मी कधी मोजलंच नाही.

वॉर्डाची निवडणूक लागली तेव्हा भाऊ आले.
चपला बाहेर काढून पहिल्या बाकावर बसले.
पाठ होता मेंढपाळाच्या निवाड्याचा,
मेंढरं उजवीकडे, शेळ्या डावीकडे.
मी वाचला. आपण मेंढरं, हे धरूनच वाचला.
मग भाऊ उठले. आम्ही साडेतीनशे मतं, त्यांना तोंडपाठ.
कबरस्थानाला भिंत देतो म्हणाले,
सहा फूट, वरून तार, गेटवर क्रूस कोरून.
मंडळीनं टाळ्या वाजवल्या. मीही.
माझी आई तिथे आहे, तिसऱ्या ओळीत,
आणि नाल्यापलीकडच्या शेळ्या
तिच्या कडेची शेवंती दर वर्षी खाऊन जातात.

तेव्हा करुणा नंदेश्वर उठल्या,
मिशन दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर,
गुडघ्यावर हात टेकून, वेळ घेत.
"भिंत बांधा नं, बाप्पा. पण मले एक सांगा,
नाल्याकाठच्या एक्केचाळीस दारांवर
लाल रंगानं आकडे कोनं टाकले?
तिथल्या बायांचे टाके म्या काढले या हातानं.
त्यांच्यासाठी आपण काही मागून राहिलो का,
का फक्त मेलेल्यांसाठी?"

कोणीतरी खोकलं. पंखा फिरत होता.
एक पंच हळूच म्हणाले,
आपण मूठभर लोक, सिस्टर, कशाला या भानगडीत.
"भाजीत मीठ किती टाकता तुम्ही?"
एवढंच विचारून त्या बसल्या.

आकडे कोणी टाकले, मला माहीत होतं.
रंग दुसऱ्याचा; यादी माझी.
क्रमांक सतरा, रेशीम उईके, पुरावा नाही, अपात्र.
रेशीम कळमन्याच्या बाजारात संत्री निवडते.
नासकं बाजूला टाकायच्या आधी
उचलून, फिरवून, देठाशी वास घेऊन बघते.
मी सतरा नंबर उचलून बघितला नव्हता.

पुरावा होता.
मागच्या कपाटात, वरच्या फळीवर,
जुन्या सर्वेचं हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर.
चावी माझ्याच जुडग्यात.

सोमवारी मी काही भाषण केलं नाही.
प्रार्थनाही धड जमली नाही; पोटात गोळा होता.
एक्केचाळीस पानांच्या झेरॉक्स काढल्या,
फाइलला टाचल्या, शेरा लिहिला,
खाली सही, वाचता येईल अशी.
साहेब म्हणाले, तुमचा पक्ष कोणता हो?
मला खरंच उत्तर सुचलं नाही.
म्हणालो, रजिस्टरात आहे, साहेब.

आता मी जन्म-मृत्यू विभागात बसतो.
वस्तीच्या सुनावणीला तिसरी तारीख पडली.
घरं उभी आहेत; उद्याचं कुणी सांगावं.
भाऊ निवडून आले, भिंत आली नाही,
आणि मंडळीतले काहीजण
हात मिळवण्यापुरतेच माझ्याशी बोलतात.
त्यांच्याही आया तिथेच आहेत.

परवा फुलं घेऊन गेलो तर
रेशीमची करडी शेळी आईच्या उशाशी उभी,
तोंडात अर्धी शेवंती.
हाकलायला हात उचलला,
कुठला उचलला ते बघितलं, खाली घेतला.
आईला तशी शेवंती कधी आवडली नव्हती.
शेळ्या आवडायच्या.
उरलेली फुलं मी कबरीवर ठेवली,
तिच्या तोंडापासून फार लांब नाही.