एकेचाळिसावी बाटली

इताया नदी चढली की आमची घरं वर येतात,
बाल्साच्या ओंडक्यांवर, दोरखंडाला हिसके देत.
उतरली की चिखलात बसतात.
संडास घरामागे, पाण्याचा हंडा घरापुढे,
मध्ये तीन फळ्या.
नदीला पुढचं-मागचं काही कळत नाही.

माझं काम शी मोजण्याचं.
हसू नका, त्याचा पगार मिळतो.
दिवसातून किती वेळा, किती पातळ.
डबीत ओतली आणि तिनं डबीचा आकार घेतला
तर तो जुलाब, नाहीतर नाही.
एवढं शिकवायला लिमाच्या डॉक्टरीणबाईंनी
दोन दिवस घेतले, आणि शेवटी केक कापला.

मग बाटल्या आल्या. साठ.
काहींत रक्तझाडाचा चीक,
काहींत नुसतं लाल केलेलं कडसर पाणी.
कशात काय, ते एका पाकिटात,
पाकीट तिजोरीत, तिजोरी लिमात.
डॉक्टर आंधळे, आई आंधळी, मीही आंधळी.
आंधळी कोशिंबीरच ही,
फक्त कुणी कुणाला शिवायचं नाही.

एकेचाळीस नंबर ग्रेइसीला गेला.
तीन वर्षांची. पहाटेपासून नऊ वेळा.
पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली
तर तशीच उभी राहायची, ओल्या कापडाच्या चुणीसारखी.
उकळून गार केलेलं मीठ-साखरेचं पाणी, चमचा चमचा,
ते सगळ्यांनाच, त्यात लपवाछपवी नाही.
वर बाटलीतले दहा थेंब.

तिचे आजोबा, डॉन एउलोखियो, उंबऱ्यात बसून बघत होते.
पन्नास वर्षं त्यांच्या सुरीनं त्या झाडांना चरे पाडले:
मुरड्यासाठी, बाळंतिणींसाठी,
एकदा माझ्याच भावाच्या फाटलेल्या टाचेसाठी.
त्यांची सही कुठल्याच कागदावर नव्हती.

"रोसाल्विना, एक थेंब दे."
"नियम नाही, डॉन."
त्यांनी तळहात पुढे केला आणि तसाच ठेवला.
खालून एक होडी गेली, घर हललं,
हात हलला नाही.

मी दिला.

खरा चीक घासला की पांढरा होतो,
आधी गुलाबी, मग सायीसारखा दाट फेस.
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
लिमात तिजोरी आहे,
हे सांगणारं पोर नव्हतं.

त्यांचं बोट फिरत राहिलं.
थेंब पांगला, तळव्याच्या रेघांत उतरला.
लालच.
पुन्हा घासला.
लालच.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.
तेवढ्यात ग्रेइसी मुतली.
झोळण्यातून धार फळीवर, फळीवरून नदीत.
चौदा तासांनी!
तिची आई रडायला लागली आणि मी वेळ लिहिली,
चार वाजून वीस.

म्हातारबांनी हात विजारीला पुसला.
"त्या चमच्यात काय होतं?"
"मीठ. साखर. उकळलेलं पाणी."
"मीठ," ते म्हणाले,
पैसे बुडवून गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त दोनदा,
आणि दुसऱ्यांदा डबीला दाद दिली नाही.
ग्रेइसी भाजलेलं केळं मागत होती.
तिच्या ओठाच्या कोपऱ्यात वाळलेला विटकरी डाग होता.
आमच्या बाटलीचा,
की रात्री उंबरा ओलांडून आलेल्या दुसऱ्या कुठल्या बाटलीचा,
मी विचारलं नाही.
माझ्या फॉर्मवर त्याला रकाना नाही.

शेवटी एक ओळ असते, शेऱ्याची.
पेन्सिलीला टोक काढलं, बराच वेळ काढलं.
मग लिहिलं:
बाटली एकेचाळीस.
एक थेंब सांडला.