श्वास काढून टाका

तिसऱ्या आठवड्याचा पाठ होता : नको ते काढणं.
सोलहून शिकवणाऱ्या बाई स्क्रीनवर,
मागे त्यांचं मांजर पुस्तकांवरून उतरतंय,
आणि बाई सांगताहेत,
अडखळणं काढा, खाकरणं काढा,
दोन वाक्यांमधला श्वास काढा.
ऐकणाऱ्याला दम नसतो.

मी वहीत लिहिलं : दम नसतो.
दिवसभर संत्र्यांच्या शेडमध्ये
मोठी इकडे, डागाळलेली तिकडे करून
माझ्या हातांना निवडणं येतच होतं.

गोष्ट घेतली शेजारच्या यांग मान-सूनची.
वय त्र्याहत्तर. जेजूच्या या किनाऱ्यावर
अजून समुद्राच्या तळाशी जाते,
पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही,
कमरेला शिशाचे तुकडे आणि हातात आकडी.
माइकला मी लोकरीचा मोजा घातला, वाऱ्यासाठी.
काळ्या खडकावर बसले.

ती वर येते तेव्हा आधी बाई दिसत नाही,
आधी शीळ येते.
कोंडलेला सगळा दम दातांमधून सोडताना
हूऽऽय असा लांब, पातळ,
पक्ष्याचाही वाटेल, किटलीचाही.
प्रत्येकीची वेगळी. माझी आई
ओट्यावर मुळे कापता कापता म्हणायची,
ही मान-सून. ही धाकटी को. ही कोण बाई, नवी दिसते.

रात्री गोधड्यांच्या कपाटात शिरून
मी प्रोग्रॅमला वाऱ्याचा एक तुकडा दाखवला,
म्हटलं, हा गोंगाट.
आज्ञाधारक पोर ते. वारा पुसला,
लाटा पुसल्या, शीळही
त्याच माळेतली समजून पुसली.
मग चुलीपाशी ती बोलली होती त्यातले श्वास
मी एकेक करून कापले. एकशे बारा.
अकरा मिनिटांची गोष्ट साडेसहात आली.
बाईंनी लिहिलं : स्वच्छ. दहापैकी नऊ.

मान-सूनच्या ओल्या केसांवर मी हेडफोन चढवला.
ती लसूण सोलत होती. सोलणं थांबलं.
शेवटपर्यंत ऐकून तिनं विचारलं,
कोण ही?
तुम्हीच.
छे. ही बाई चार वेळा खाली गेली
आणि एकदाही वर आली नाही.
तिच्या घरी कळवलं का कुणी?
आणि पुन्हा लसूण.

मी घरी येऊन मागे मागे जात राहिले.
प्रोग्रॅमला शंभरच पावलं मागे जाता येतं.
मूळ फाइल मी हुशारीनं आधीच पुसली होती,
फोनमध्ये जागा नव्हती म्हणून.
बारा श्वास गेले ते गेले. शीळही.

मान-सूनला सांगायला गेले तर म्हणाली,
एवढंच ना? उद्या ये.
श्वास काय, रोजच घेते मी.

पहाटे खडक बर्फासारखा.
तिचा नारिंगी तरंगा पाण्यावर, ती खाली.
मी काही ठरवलं नव्हतं, पण माझाही दम धरला गेला.
दहा. वीस. तीस झाले तेव्हा कान वाजायला लागले.
चाळीसला माझा सुटला,
मोठ्यानं, लाज वाटावी असा.
ती अजून खालीच.
तरंग्याची दोरी हलत नव्हती.
मोज्यातल्या माइकसमोर बसून
मला तिच्या घरचे आठवले, एकेक नावानिशी.
मग लांब उजवीकडे, मी पाहत नव्हते तिथे,
हूऽऽय.

या वेळी मी काहीच कापलं नाही.
बाईंचा शेरा आला :
वारा फार आहे. शिवाय चाळिसाव्या सेकंदाला
दुसऱ्याच कुणाचा तरी श्वास ऐकू येतो,
तो काढून टाका. सहा.

मान-सूनला गुण सांगितले.
कशातून सहा, तिनं विचारलं,
आणि उत्तराआधीच
सोललेल्या लसणाची वाटी पुढे केली,
आईला दे म्हणाली,
आणि तुझा तो आवाज,
त्याला अजून खूप शिकायचंय.