उतार

पोवई नाक्यावरच्या दुकानात दोन गाड्या.
एक राखाडी, एका हातानं मिटणारी.
दुसरीच्या चाकांत हवा भरायची,
किंमत आमच्या पहिल्या स्कूटरपेक्षा जास्त.

अल्फिया ब्रेक दाबून दाखवते.
फरशीवर कुठलाही ब्रेक लागतो, मी म्हणतो,
राजवाड्याकडचा चढ पाहिलाय ना?
ती हसते. रोज तिथूनच येते म्हणे, चालत.

मग आम्ही दोघं बाहेर, उतारावर.
किराण्यातला तांदूळ बसवतो आत,
पाच किलो इंद्रायणी, पट्टा लावून.
राखाडी वीतभर घसरते, थांबते.
दुसरी जागची हलत नाही,
पण ती चौदा किलोंची,
आणि आमचा जिना
गॅसची टाकी वळवतानाही कुरकुरतो.

रिक्षावाला थांबून विचारतो,
"तांदूळ फिरायला निघाला का?"

"बावीस किलोपर्यंत चालते," अल्फिया सांगते.
"बाळ किती किलोचं?"

सतराशे ग्रॅम.
काल सोळाशे ऐंशी होतं.
काचेच्या पेटीत, निळ्या उजेडात,
डोळ्यांवर पट्टी.
मृदुला रोज सकाळी नुसता आकडा पाठवते.

अल्फिया काही बोलत नाही.
मी तांदूळ उतरवतो.
पिशवीत चाचपडून
साखर एक किलो,
पोहे अर्धा,
चहाचा पुडा, दोनशेचा.
एकावर एक ठेवतो, हिशेबानं.

ती गुडघ्यांवर बसून पट्टा आवळते,
शेवटपर्यंत.
तरी चार बोटं जागा उरते.

"भरेल," ती म्हणते, पुड्यांकडे बघत.
"जिना अरुंद आहे ना?
राखाडीच घ्या."